'ओके' नक्की आला कुठून? (लेकीला उत्तर द्यायचंय)

रानजाई

नमस्कार मंडळी. माझी मुलगी सातवीत आहे. वर्गात प्रत्येकाने एकेका इंग्रजी शब्दाची जन्मकथा सांगायची आहे आणि हिने निवडला 'ओके'. बाईंनी आधीच सांगून ठेवलंय की अमेरिकन यादवी युद्धात ज्या दिवशी एकही सैनिक मेला नाही, त्या दिवशी फळ्यावर शून्य आणि 'किल्ड'चा 'के' लिहायचे, त्यावरून ओके. घरी आल्यावर लेकीचा प्रश्न: "मग एक जण मेला तर 'वन के' म्हणायचे का? तो शब्द कुठे गेला?" मला उत्तर देता आलं नाही.

शोधायला बसले तर उत्तरांची रांगच लागली. ग्रीक 'ओला काला', म्हणजे सगळं छान. स्कॉटलंडचा 'ऑख आय'. फिनिश 'ओइकेआ', म्हणजे बरोबर. हैतीतल्या ले काय बंदराची उत्तम रम. अमेरिकन यादवी युद्धातली ऑरिन केंडल यांची बिस्किटं. मालाच्या पावतीवर आद्याक्षरं टाकणारा ओबाडाया केली नावाचा रेल्वे कारकून. शुद्धलेखन कच्चं असलेले राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन. शिवाय चॉक्टॉ आदिवासींचा 'ओके'. जो तो छातीठोकपणे सांगतोय. सादरीकरण मंगळवारी आहे. कुणाला नीट माहीत आहे का?

सदू_सांगोला

ताई, ओकेचा धागा काढला आणि सांगोल्याचं नाव नाही? जून २०२२ मध्ये आमच्या शहाजीबापू पाटलांचा गुवाहाटीवरनं केलेला फोन अख्ख्या महाराष्ट्रात वाजला. झाडी, डोंगर, हाटील आणि शेवटी ओक्के. उगम कुठलाबी असंना, मुक्काम सांगोल्यात हाय.

चकली

सदूभाऊ, धाग्याचं पहिलं बक्षीस तुम्हाला.

माझी आजी असती तर तिने वेगळाच उगम सांगितला असता. आम्ही भावंडं फोनवर "ओके, ओके" म्हणायला लागलो की ती आतून ओरडायची, "कोण ओकतंय? पिंप द्या रे त्याला!"

जुनी_रद्दी

रानजाईताई, या शब्दाचा माग बराच लांबवर काढलेला आहे. कोलंबिया विद्यापीठात ॲलन वॉकर रीड नावाचे भाषेचे प्राध्यापक होते. त्यांनी जुन्या अमेरिकन वर्तमानपत्रांचे ढीग उपसले आणि १९६३-६४ मध्ये 'अमेरिकन स्पीच' या नियतकालिकात लेखामागून लेख लिहून सगळा पुरावा मांडला. त्यांच्या हाती लागलेली सगळ्यात जुनी छापील नोंद २३ मार्च १८३९ची, 'बॉस्टन मॉर्निंग पोस्ट'च्या दुसऱ्या पानावरची.

संपादक होते चार्ल्स गॉर्डन ग्रीन. बॉस्टनमध्ये तेव्हा 'घंटा-विरोधी मंडळ' नावाचं एक हौशी मंडळ होतं. जेवणाच्या घंटा वाजवायला शहराने मनाई केली, तिच्याविरुद्ध ते निघालं होतं. म्हणजे काम घंटेच्या बाजूचं आणि नाव बरोबर उलटं! या मंडळींच्या सहलीवरून ग्रीनने प्रॉव्हिडन्स गावच्या एका संपादकाला चिमटा काढला, आणि त्या मजकुरात 'ओ. के.' लिहून लगेच शेजारी 'ऑल करेक्ट' असा खुलासाही केला.

आता 'ऑल करेक्ट'ची खरी आद्याक्षरं ए आणि सी. मग ओ आणि के कसे आले? तर मुद्दाम अडाण्यासारखं स्पेलिंग करायचं (oll korrect) आणि त्या चुकीच्या स्पेलिंगची आद्याक्षरं घ्यायची, असा तो खेळ होता. १८३८च्या उन्हाळ्यापासून बॉस्टनच्या पत्रकारांत त्याची साथच आली होती. 'ऑल राइट'साठी ओ. डब्ल्यू., 'नो यूज'साठी के. वाय., 'नो गो'साठी के. जी. असली अक्षरं रोजच्या अंकात दिसायची. ओके हे त्या पोरांतलं एक पोर. बाकीची गेली, हे जगलं.

युद्धाची गोष्ट तारखेवरच निकालात निघते. अमेरिकन यादवी युद्ध सुरू झालं १८६१ साली. शब्द छापून आला त्याच्या बावीस वर्षं आधी. केंडलसाहेबांची बिस्किटंही त्याच युद्धातली, म्हणून तीही बाद.

चकली

थांबा थांबा. मुद्दाम आद्याक्षरं, आपल्याआपल्यातच कळतील अशी, आणि वाचणाऱ्यांनी ती मिरवायची. हे तर आपणच करतो! पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा), पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत), हेमावैम (हे माझे वैयक्तिक मत), हघ्या (हलके घ्या). मी इथे नवी आले तेव्हा 'पुलेशु' हा पु. ल. देशपांड्यांशी संबंधित काहीतरी सन्मान आहे असं मला महिनाभर वाटत होतं.

शंभर वर्षांनी कुणीतरी पुलेशुचा उगम पुलस्त्य ऋषींपर्यंत नेऊन ठेवेल बघा.

मोडीवाचक

चकलीताईंनी नेमकं बोट ठेवलं. आद्याक्षरांचा सोस काही बॉस्टनचा मक्ता नव्हे. आपल्या पत्रांत सा. न. वि. वि. आणि क. लो. अ. किती पिढ्या चालले! लग्नपत्रिकेवरचं चि. सौ. कां. आजही कुणी सोडवून वाचत नाही, पण अर्थ सगळ्यांना ठाऊक. फरक एवढाच की आपली आद्याक्षरं आदराने आलेली आणि बॉस्टनची मस्करीतून.

आणि ओकेचं कामही आपल्याकडे आधीपासून होतं. पेशवाईतल्या कागदांच्या शेवटी 'मोर्तब सुद' असतं. त्याच्याही मागे जा, शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या शेवटच्या मुद्रेवर 'मर्यादेयं विराजते'. म्हणजे मजकूर इथे संपला, पाहिला, मंजूर आहे, आता यापुढे कुणी काही घुसडू नये. आपण अजूनही 'शिक्कामोर्तब झालं' म्हणतो ते तिथूनच. मोडी कागद वाचताना ती शेवटची मुद्रा दिसली की मला दर वेळी हायसं वाटतं, कागद पुरा हाती आल्याची खूण असते ती.

शंकेखोर

जुनी_रद्दी, सगळं पटलं, पण एक राहिलं. इतकी आद्याक्षरं एकाच वेळी जन्मली, तर हे एकच का जगलं? के. वाय. काय वाईट होतं?

जुनी_रद्दी

शंकेखोर, इथे निवडणूक मदतीला आली. १८४० साली राष्ट्राध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्यूरन दुसऱ्यांदा उभे होते. गाव न्यूयॉर्क राज्यातलं किंडरहुक, डच वस्तीचं. हा गृहस्थ घरी डच बोलत वाढला. इंग्रजी मातृभाषा नसलेला तो एकच अमेरिकन राष्ट्राध्यक्ष. समर्थक त्यांना 'ओल्ड किंडरहुक' म्हणू लागले. आद्याक्षरं पाहा. वर्षभरापूर्वी वर्तमानपत्रांत गाजलेला ओके आणि उमेदवाराचं टोपणनाव, दोन्ही एकच! न्यूयॉर्कमध्ये 'ओके क्लब' निघाला आणि त्याचे कार्यकर्ते विरोधकांच्या सभांत घुसून दंगा करू लागले.

विरोधकही गप्प बसले नाहीत. १८३७ पासून मंदी होती, लोकांच्या हातात पैसा नव्हता. त्यांनी ओकेचा अर्थ लावला 'आउट ऑफ कॅश', तोही के घालून. आणि जॅक्सनची कथा याच प्रचारातली. जॅक्सन हे व्हॅन ब्यूरन यांचे गुरू आणि आधीचे अध्यक्ष. त्यांना लिहिता येत नाही, 'ऑल करेक्ट' असं कागदावर लिहायला जातात आणि ओ. के. उमटतं, अशी आवई विरोधी वर्तमानपत्रांनी उठवली. म्हणजे खोटी व्युत्पत्ती शब्दाच्या पाठोपाठ वर्षभरातच जन्मली, आणि तीही प्रचारासाठी. रीड यांनी हे सगळं तारीखवार लावून दाखवलं, म्हणून मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटतो.

व्हॅन ब्यूरन पडले, ६० विरुद्ध २३४ इलेक्टोरल मतांनी. शब्द मात्र निवडून आला.

सदू_सांगोला

म्हणजे तिकडंबी राजकारणानंच गाजवला! मी सांगत होतो ते काय चुकीचं न्हवतं.

अबोली_२

मला हे सगळं इतकं सरळ वाटत नाही, आणि मी हे भांडायला लिहीत नाहीये, मनापासून वाटतं म्हणून लिहितेय.

छापील नोंद मिळते कुणाची? ज्यांच्याकडे छापखाना आहे त्यांची. डेव्हिड डॅल्बी नावाच्या ब्रिटिश भाषातज्ज्ञांनी मांडलं होतं की सेनेगल-गांबिया भागातल्या वोलोफ भाषेत 'वाव' म्हणजे हो, आणि त्यावर जोर द्यायला पुढे 'के' लागतो: 'वाव के', म्हणजे हो तर, नक्कीच. त्याच भागातल्या मांडिंका भाषेतही त्यांनी 'ओ के' दाखवला. या भाषा बोलणारी माणसं गुलाम म्हणून हजारोंनी अमेरिकेत नेली गेली. १७८४ साली छापलेल्या एका प्रवासवर्णनात एका काळ्या गुलामाच्या तोंडी 'के, मासा' असं सुरू होणारं वाक्य आहे. बॉस्टनच्या पंचावन्न वर्षं आधी.

आणखी एक. टेनेसी राज्यातल्या १७९० सालच्या एका कोर्टाच्या नोंदीत ओके सापडला असं एकोणिसाव्या शतकात जाहीर झालं होतं. नंतर कागद नीट पाहिला तर ते 'ओ. आर.' निघालं, म्हणजे 'नोंद करण्याचा हुकूम'. ठीक आहे, वाचनाची चूक. पण तो कागद कशाचा होता? एका काळ्या माणसाच्या विक्रीचा. विकणाऱ्याचं नाव आहे, घेणाऱ्याचं नाव आहे. ज्याला विकलं तो त्या दिवशी काय बोलला, 'हो'ला काय म्हणत होता, ते कुठल्या कागदात शोधायचं? पुरावा नाही म्हणून शब्द नव्हता असं म्हणताना मला जड जातं.

जुनी_रद्दी

अबोलीताई, तुमचा मुद्दा मी टाळणार नाही. तो टेनेसीचा कागद मला माहीत होता, पण तो कशाचा दस्त आहे इकडे मी कधी लक्षच दिलं नव्हतं. ते तुम्ही दाखवलंत.

तरी दोन अडचणी सांगतो. एक, तो 'के, मासा' सुटा आहे, त्याला 'ओ' नाही आणि अर्थही निश्चित लागत नाही. दोन, शब्द आधीपासून चालत असता तर ग्रीनला शेजारी अर्थ का द्यावा लागला? आणि १८४० मध्ये अख्खा देश 'याचा अर्थ तरी काय' म्हणून तर्क का लढवत बसला? शिवाय बॉस्टनच्या छापील नोंदीला मागचा-पुढचा सगळा गोतावळा आहे. के. वाय. आहे, ओ. डब्ल्यू. आहे. ओके तिथे एकटा, आगंतुक येत नाही. भावंडांसकट येतो.

अबोली_२

ग्रीनला माहीत नव्हता म्हणून मिसिसिपीच्या काठावर कुणालाच माहीत नव्हता असं होत नाही. पुण्यातल्या संपादकाला गडचिरोलीत काय बोलतात ते माहीत असतं का?

भावंडांचा मुद्दा मात्र वजनदार आहे. तो मान्य करते.

तुळजाईचा_पंत

ॐ मध्ये क मिळवला की ओके. 'ओमकार' हेच मूळ. पाश्चात्त्य हे कधी कबूल करणार नाहीत.

मोडीवाचक

पंत, रागावू नका, पण ही वाट पु. ना. ओकांनी पुष्कळ तुडवून झाली आहे. त्यांनी 'व्हॅटिकन'चं 'वाटिका' केलं होतं. आवाज जुळला की नातं जुळत नाही. मधल्या पायऱ्या दाखवाव्या लागतात: कोण बोललं, कुठे, कधी, मग कुणी घेतलं. ग्रीकचा 'ओला काला' नेमका तिथेच अडतो. ऐकायला कानात बसतो, अर्थही जुळतो, पण ग्रीस ते बॉस्टन ही वाट कुणी दाखवलेली नाही. फिनिशचंही तेच. सगळ्या जगात इतक्या भाषा आहेत, त्यात दोन अक्षरी आवाज कुठे ना कुठे जुळणारच.

तुळजाईचा_पंत

बरं. पायऱ्या सापडल्या तर सांगेन.

तुल्सावासी

मी गेली बारा वर्षं ओक्लाहोमात राहतो. माझ्या राज्याचं टपालखात्यातलं लघुरूपच 'ओ के' आहे, त्यामुळे या धाग्यावर माझा हक्क आहे. :)

'ओक्लाहोमा' हे नावच चॉक्टॉ आहे. 'ओक्ला' म्हणजे लोक, 'हुम्मा' म्हणजे लाल. १८६६ मध्ये चॉक्टॉंचे प्रमुख ॲलन राइट यांनी ते सुचवलं. चॉक्टॉ इथले मूळचे नव्हेत. त्यांची भूमी मिसिसिपी भागातली. १८३०च्या करारानंतर सरकारने त्यांना तिथून हुसकलं आणि पुढच्या दोनतीन हिवाळ्यांत हजारो माणसं इकडे चालत आली. वाटेत खूप जण थंडीने, पटकीने मेले.

त्यांच्या भाषेत वाक्याच्या शेवटी 'ओके' यासारखा एक शब्द लागतो. 'असंच आहे', 'हे खरं आहे' अशा अर्थाचा. सायरस बायिंग्टन या मिशनऱ्याने चॉक्टॉचं व्याकरण आणि कोश केला, त्या मंडळींच्या १८२०च्या दशकातल्या पुस्तकांत हा शब्द दिसतो. म्हणजे छापील पुरावा म्हणाल तर बॉस्टनच्या आधीचा आहे! फक्त इंग्रजीत नाही. शिवाय त्या भागात चॉक्टॉवर आधारलेली एक बाजारभाषा वेगवेगळ्या टोळ्या आणि युरोपीय व्यापारी बोलत असत. राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांना हाच उगम खरा वाटायचा, म्हणून ते कागदांवर मंजुरी देताना चॉक्टॉ वळणाचं स्पेलिंग करायचे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मोठ्या अमेरिकन शब्दकोशातही चॉक्टॉच होतं. रीड यांच्या लेखांनंतर ते मागे पडलं.

जुनी_रद्दी यांचा पुरावा मी नाकारत नाही. पण तुमच्या पुराव्याने बॉस्टनची आद्याक्षरं सिद्ध होतात. तोच आवाज दक्षिणेत आधीपासून कानांवर पडत होता, म्हणून आद्याक्षरं लोकांना लगेच जवळची वाटली असतील, हे त्याने खोडलं जात नाही.

जुनी_रद्दी

खोडलं जात नाही, बरोबर. पण 'जवळची वाटली असतील' याला नोंद लागते. एखादा तरी दक्षिणेतला इंग्रजी बोलणारा १८३९च्या आधी ओके म्हणताना दिसायला हवा. सैनिक, व्यापारी, मिशनरी, पत्रं लिहिणारे लोक तिथे होते. त्यांच्या पत्रांत इतर चॉक्टॉ शब्द येतात. हा येत नाही. मी तरी यावर अडतो.

शंकेखोर

तुल्सावासी, माझं मत तुमच्याकडे झुकतंय. एका शब्दाला एकच आई हवी असं का धरून चालायचं?

तारमास्तर

मी तार खात्यात ३४ वर्षं काढली. उगमाचं मला कळत नाही, पण शब्द टिकला कसा याबद्दल थोडं सांगू शकतो.

१८४४ साली वॉशिंग्टन ते बाल्टिमोर मोर्सची पहिली तार गेली. म्हणजे ओकेचा जन्म आणि तारेचा जन्म यांत पाचच वर्षं. तारेवर प्रत्येक अक्षराला वेळ आणि पैसा. 'सगळं नीट मिळालं, बिनचूक आहे' हे दोन अक्षरांत सांगता येत असेल तर कोण सोडेल? तिथून तो रेल्वेत गेला, कारण रेल्वे तारेवरच चालायची. एक स्टेशन दुसऱ्याला गाडी सोडू का विचारणार, दुसरं हो म्हणणार. तिथे 'बरं', 'बघू', 'चालेल बहुतेक' असं चालत नाही. ठाम उत्तर लागतं.

आमच्या मोर्समध्ये 'ओ' म्हणजे तीन डॅश आणि 'के' म्हणजे डॅश-डॉट-डॅश. त्यात 'के' एकटा आला तर त्याचा अर्थ 'आता तू पाठव'. त्यामुळे मला ओके ऐकला की अजूनही कानात कट्ट-कडकट्ट सुरू होतं. अमेरिकेतलं जुनं मोर्स वेगळं होतं, तिथे 'ओ' दोन टिंबांत, मध्ये थोडी फट ठेवून व्हायचा. म्हणजे तिकडे तर ओके आणखीच छोटा.

आपल्याकडची शेवटची तार १४ जुलै २०१३ ला गेली. त्या रात्री मी निवृत्त असूनही ऑफिसात जाऊन बसलो होतो.

चकली

तारमास्तरकाका, हे वेगळं लिहा ना सविस्तर. पुलेशु. (आता हा शब्द लिहिताना बॉस्टन आठवणार.)

भोसरीकर

आमच्या कारखान्यात ओके हा शब्द नाही, जागा आहे. हिरवा क्रेट ओके, पिवळा रिवर्क, लाल रिजेक्ट. सकाळी सेटिंग झालं की पहिला पीस क्वालिटीवाल्याकडून ओके करून घ्यायचा, त्याशिवाय लॉट चालू करायचा नाही. त्याने खडूने ओके मारला की मशीन सुटलं. परवा नवीन पोरगा मला म्हणाला, "साहेब, पीस बरा आहे." मी म्हटलं, बरा नको, ओके पाहिजे.

तारमास्तरकाका म्हणतात ते अगदी असंच. 'ओके'त मापात बसल्याचा अर्थ आहे. लई भारी नाही, वाईट नाही. टॉलरन्समध्ये आहे.

शंकेखोर

भोसरीकर, हे फार आवडलं. 'जेवण कसं होतं?' 'ओके होतं.' म्हणजे टॉलरन्समध्ये होतं. आमच्याकडे यावरून भांडण झालेलं आहे.

पेंटरचा_पोरगा

'हॉर्न ओके प्लीज' कसं काय अजून कुणी काढलं नाही? माझे वडील कराडला हायवेवर ट्रक रंगवायचे. मागच्या फळीवर डावीकडे 'हॉर्न', उजवीकडे 'प्लीज', आणि मधोमध ओके मोठा. मी लहानपणी विचारलं, मधला ओके कशाला? तर म्हणाले, "मालक सांगतो म्हणून. आणि मध्ये काही नसलं तर फळी रिकामी दिसते."

याच्याही तीन गोष्टी ऐकल्यात. एक, महायुद्धात डिझेलच्या टंचाईत ट्रक रॉकेलवर चालायचे, तेव्हा 'ऑन केरोसीन' असा इशारा. दुसरी, टाटांच्या ओके साबणाची ती जाहिरात. तिसरी, मागच्याला पुढे जायला रस्ता मोकळा आहे हे सांगणारा दिवा तिथे असायचा. वडिलांना यातली एकही माहीत नव्हती, आणि त्यांनी शेकडो ट्रकांवर ओके लिहिला. २०१५ मध्ये महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने 'हॉर्न ओके प्लीज' लिहायला बंदी केली, लोक उगाच हॉर्न वाजवतात म्हणून. तेव्हा वडील दोन दिवस गप्प होते. त्यांचं अक्षर रस्त्यावरून जाणार होतं.

मोडीवाचक

पेंटरचा_पोरगा, वडिलांनी रंगवलेल्या एखाद्या फळीचा फोटो असेल तर जपून ठेवा. उद्या कुणी 'हॉर्न ओके'चा रीड होऊन शोधायला बसेल तर त्याला असलेच पुरावे लागतील. तीन गोष्टींपैकी खरी कुठली हे ठरायचं तर कुठल्या सालच्या ट्रकवर काय लिहिलेलं होतं हेच पाहावं लागेल.

सुरंगी

थोडं अवांतर. इंग्रजीत गेलेला आपला शब्द म्हणजे 'मंगूस'. ऑक्सफर्डवाले तो मराठीतून आला म्हणतात. आम्ही कोकणात मुंगूस म्हणतो.

धारवाडकर

सुरंगीताई, कन्नडमध्ये मुंगुसि आणि तेलुगूत मुंगिस आहे. मराठीने तो दक्षिणेकडून घेतला असंही म्हणता येईल. मग इंग्रजीने घेतला तो कुणाचा? मराठीच्या तोंडून घेतला असेल, पण मराठीच्या घरचा होता की पाहुणा?

सुरंगी

आमच्या परड्यात तरी घरचाच आहे, रोज कोंबड्यांमागे असतो. वेगळा धागा काढा, मी येते.

अबोली_२

धारवाडकरांचा प्रश्न ओकेलाही लागू आहे. इंग्रजीत तो बॉस्टनच्या दारातून आला, हे मी आता मान्य करते. जुनी_रद्दी यांनी भावंडं दाखवली तिथेच माझं मत हललं. पण दारातून आत कोण आलं आणि अंगणात आधी कोण उभं होतं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. रानजाईताई, लेकीला दुसरा प्रश्नही सांगा. उत्तर नसलं तरी.

जुनी_रद्दी

यावर माझी सही. मोर्तब सुद.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. मंगळवार झाला, तो वृत्तांत देते.

लेकीने फळ्यावर आधी २३ मार्च १८३९ लिहिलं. मग शाळेतल्याच शब्दांची बॉस्टन पद्धतीने आद्याक्षरं करून दाखवली आणि पोरांना ओळखायला लावलं. मुद्दाम चुकीचं स्पेलिंग ही कल्पना पोरांना इतकी आवडली की तास संपेपर्यंत गोंगाट होता. किंडरहुक सांगितलं. तार सांगितली, 'ओ' आणि 'के' बाकावर पेनने वाजवून (काका, तीन डॅश बरोबर आले). शून्य किल्डचं तिने एका वाक्यात सांगितलं, युद्ध १८६१चं आणि शब्द १८३९चा म्हणून जमत नाही. बाईंनी तिथेच मान डोलावली, म्हणाल्या, मीही ते कुठेतरी ऐकलेलंच सांगितलं होतं, वर्ष पाहिलं नव्हतं. मला त्यांचं हे फार आवडलं.

शेवटी तिने चॉक्टॉ आणि वोलोफ दोन्ही सांगितले, आणि टेनेसीच्या त्या कागदाबद्दलही. एका मुलाने विचारलं, "त्या माणसाचं नाव काय होतं?" तिने सांगितलं, मला माहीत नाही. घरी आल्यापासून तेच बोलतेय.

तुल्सावासी, तिचा एक प्रश्न आहे: चॉक्टॉ लोक आज ती भाषा बोलतात का?

तुल्सावासी

बोलतात, पण थोडे, आणि बहुतेक वयस्कर. चॉक्टॉ नेशनचं मुख्यालय ड्युरंट गावात आहे. ते लोक भाषेचे वर्ग चालवतात, शाळेतल्या मुलांसाठीही आहेत. तिला दोन शब्द शिकवा. भेटल्यावर म्हणायचं 'हालितो'. आणि आभार मानायला 'याकोके'. शेवटी 'ओके' ऐकू येतं ना? आवाज जुळला म्हणून नातं नाही, मोडीवाचक, मला आठवण आहे! पण म्हणायला गोड आहे.

रानजाई

ती शेजारी बसून वाचतेय. तुम्हा सगळ्यांना याकोके म्हणतेय, आणि तारमास्तरआजोबांना वेगळं.